एकतीस पेनं

१२ मे

दादा,

पत्रात वर काय लिहायचं असतं ते आईला विचारलं, तर ती म्हणाली, "इंग्रजी शाळेत घातलं ही माझीच चूक," आणि भाजी चिरायला निघून गेली. म्हणून थेट सुरू करते. मेसेजला तू नुसता "हं" पाठवतोस, आणि तुझ्या कारखान्यात फोन गेटवरच काढून घेतात. पत्र तरी हातात धरून वाचशील.

बातमी ऐक. आमच्या सर्जन लोकांच्या संघटनेनं मला प्रशिक्षण समितीवर घेतलंय. सहसचिव! पास होऊन दोनच वर्षं झालेली मुलगी कशाला, असं तिघाचौघांनी विचारलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हिला कॉम्प्युटर येतो, आणि बैठकीत हिला अजून झोप येत नाही." पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करायचाय. रेसिडेंटना, म्हणजे शिकाऊ सर्जनना, शिकवणार कोण, किती, आणि शिकवलं हे मानायचं कशावरून. मी पहिल्याच दिवशी तीन रंगांत तक्ता करून नेला. सगळे माझ्याकडे बघत राहिले, आणि मग चहा आला.

समितीचे प्रमुख कोण असतील? तुझे मोठे सर.

मी वाकून नमस्कार केला. "छान, छान," म्हणाले. मी तुझी मावसबहीण हे त्यांना माहीत नाही. आडनाव वेगळं, मी शिकले दुसऱ्या हॉस्पिटलात, कळणार कसं?

दादा, सहा वर्षं झाली. मी तेव्हा इंटर्न होते. सर्जरीच्या तीन वर्षांतले फक्त पाच महिने राहिले असताना तू सामान घेऊन मावशीच्या दारात उभा राहिलास आणि "सोडलं" एवढंच म्हणालास. बाकीचं मी दुसऱ्यांकडून ऐकलं. पित्ताशयाचं ऑपरेशन तुला एकट्याला करावं लागलं, पित्तनळी कापली गेली, आणि चौकशीत सर म्हणाले, "मी त्याला परवानगीच दिली नव्हती." तुझं सगळं मोडलं. त्यांच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नाही.

मी त्यांना सोडणार नाही. भांडणार नाही, ओरडणार नाही. आराखड्यात एक एक कलम असं लिहीन की ते स्वतःच्या पायांनी चालत येऊन त्यात अडकतील. मला फक्त तुझं लॉगबुक हवंय. प्रत्येक ऑपरेशनसमोर "सर हजर" आणि त्यांची सही असते ना? ते पाठव.

तुझी भिंगरी

२१ मे

भिंगरे,

"हं."

रागावू नकोस, गंमत केली. पत्र मिळालं. दवाखान्यात वाचलं. दवाखाना म्हणजे एक टेबल, एक पलंग आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनांचा फ्रिज. आज दोन बोटं शिवली आणि एकाच्या डोळ्यातला लोखंडाचा कण काढला. तो कामगार म्हणाला, "डॉक्टर, हात हलका आहे तुमचा, इथं काय करताय?" मी म्हटलं, "डोळा उघडा ठेव."

लॉगबुक हरवलं. चौकशीतही हेच सांगितलं होतं.

तू त्या माणसाच्या नादी लागू नकोस. तुला वाटतं ते रागीट, खुनशी वगैरे असतील. अजिबात नाहीत. फार गोड आहेत. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सगळे लॉगबुकं घेऊन त्यांच्या खोलीत रांगेनं उभे राहायचो. ते महिनाभराच्या नोंदींवर न वाचता सह्या करायचे, मध्ये मध्ये बिस्किट खायचे, आईवडिलांची चौकशी करायचे. त्यांच्याकडे पेन कधीच नसायचं. "पेन दे रे" म्हणायचे, आपलंच पेन घ्यायचे, सही करायचे आणि सवयीनं स्वतःच्या खिशाला लावायचे. परत मागायची छाती कुणाची होणार? मी त्यांच्याकडे एकतीस महिने होतो. एकतीस पेनं गेली. निळी, काळी, एक हिरवंसुद्धा.

आराखडा मनापासून कर, त्यातून पोरांचं भलं होईल. सूड वगैरे डोक्यातून काढ. आणि सर्व्हे करणारच असशील, तर "प्रशिक्षणाबद्दल समाधानी आहात का" असले प्रश्न विचारू नकोस. त्यावर सगळे "हो" लिहितात. सरळ विचार: तुम्ही ऑपरेशन करत होता तेव्हा तुमचे सर कुठे होते?

सहज सुचलं म्हणून लिहिलं.

दादा

२ जुलै

दादा,

तू म्हणजे ना, एकीकडे सूड काढून टाक म्हणतोस आणि दुसरीकडे हातात सुरी देतोस!

तुझा प्रश्न नववा घातला. उत्तराला पाच चौकोन: टेबलापाशी, ओटीत (म्हणजे ऑपरेशन थिएटरात), इमारतीत, फोनवर, माहीत नाही. दोनशे चौदा रेसिडेंटनी नाव न लिहिता फॉर्म भरला. सर टेबलापाशी होते म्हणणारे एकोणतीस. माहीत नाही म्हणणारे एक्क्याण्णव! एकानं सहावा चौकोन स्वतःच काढून पुढे लिहिलं, "फोटोत."

"फोटोत" वाचून मी पहिल्यांदा हसले. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. संघटनेचं बातमीपत्र! दर महिन्याला निघतं, आणि दर अंकात मोठे सर कुठेतरी फीत कापताना दिसतात, खाली तारीख. मी ऑफिसात बसून दहा वर्षांचे अंक काढले. शिंकून शिंकून नाक लाल झालं. मग सरांच्या युनिटमधून पास झालेल्यांच्या लॉगबुकांच्या प्रती संघटनेच्या कपाटात असतात त्या काढल्या आणि तारखा शेजारी शेजारी मांडल्या. ज्या दिवशी सर दोनशे मैलांवर फीत कापत होते, त्याच दिवशी इथे ओटीत पोट कापायलाही हजर होते. असे आतापर्यंत एकशे सहा दिवस सापडलेत.

त्यावरून कलम अकरा लिहिलंय. ज्या महिन्यात शिक्षकाची सही खोटी निघेल तो महिना प्रशिक्षणात धरायचा नाही, आणि सही करणाऱ्याची शिक्षक म्हणून मान्यता रद्द. परत हवी असेल तर शिक्षकांचा कोर्स करायचा, बाकावर बसून, परीक्षा देऊन.

बैठकीत मी ते वाचलं. सर डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "कल्पना चांगली आहे. आपल्यात असं कोणी असेल असं वाटत नाही, पण असू दे." एक म्हातारे सर्जन एवढे खोकले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

कलम बारा तुझ्यासाठी आहे. नाव ठेवलंय "परतीची वाट". ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं त्यांनी परत यावं, आधीचे महिने धरावेत, राहिलेले पूर्ण करावेत. तुझे पाच महिने, दादा! पाच महिन्यांत तू सर्जन!

सर्वसाधारण सभा चोवीस नोव्हेंबरला. लॉगबुक खरंच हरवलंय?

भिंगरी

१५ जुलै

भिंगरे,

कलम बारा लिहायला तुला कोणी सांगितलं होतं?

तुझं पत्र आईनं माझ्याआधी वाचलं. तेव्हापासून ती गुणगुणत घरात फिरतेय. काल माझे जुने ओटीचे बूट पुसून दाराशी ठेवले. मी उचलून आत टाकले, तिनं परत आणून ठेवले. सहा वर्षं या घरात माझ्यासमोर कोणी "ऑपरेशन" हा शब्द काढत नव्हतं. आता शेजारच्या काकू विचारतात, "पाच महिन्यांचंच राहिलंय ना?"

खरं सांगू? माझ्या टेबलाच्या ड्रॉवरच्या मुठीला दोरा बांधलेला असतो. रिकामा वेळ मिळाला की एका हातानं टाक्यांच्या गाठी मारतो. सहा वर्षं मारतोय. मूठ गुळगुळीत झाली आहे. कंपाउंडरला वाटतं मला काहीतरी चाळा लागलाय.

पाच महिने म्हणालीस, तेव्हापासून गाठ नीट बसत नाही. सोडतो, परत मारतो.

सभा चोवीसलाच नक्की ना?

दादा

३० सप्टेंबर

दादा,

अडीच महिने उत्तर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण धीर होत नव्हता. माझ्याच हातानं घोळ झालाय.

कलम बाराचा ऑनलाइन फॉर्म नीट चालतो का ते बघायला मी नमुना म्हणून तुझंच नाव भरलं. हॉस्पिटल, युनिट, सगळं खरं. "फॉर्म भरणाऱ्याचं नातं" या चौकोनात लिहिलं: मावसबहीण. पुसायला विसरले. छापील मसुद्याच्या शेवटी तो नमुना तसाच जोडला गेला आणि सोळा सभासदांच्या हातात पडला.

सरांनी मला खोलीत बोलावलं. बिस्किटाची बशी पुढे केली. मी घेतलं नाही.

"तो कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

"हुशार होता. माझ्याकडे आलेल्यांत त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही." अगदी मनापासून म्हणाले, दादा. त्याचा मला जास्त राग आला. मग मसुदा उघडून म्हणाले, "बाळ, तू दोन कलमं लिहिली आहेस. बारावं म्हणतं की त्याचे एकतीस महिने धरा. त्या एकतीस महिन्यांवर सह्या कुणाच्या?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"माझ्या. अकरावं म्हणतं की माझ्या सह्या खोट्या ठरल्या तर ते महिने बाद. म्हणजे मला पाडायचं तर आधी त्याला पाडावं लागेल. अकरावं काढ. त्याचे पाच महिने मी माझ्याच युनिटमध्ये पूर्ण करून देतो. मी काही मनात ठेवणारा माणूस नाही."

शिवाय म्हणाले, "आत्ता शिकणाऱ्या पोरांचंही वर्ष वाया घालवणार का? त्यांच्यापुढे तोंड कसं दाखवशील?"

दादा, माझ्या तीन रंगांच्या तक्त्यात हे मला दिसलं नाही. अकरा आणि बारा एकाखाली एक लिहिली आणि मला दिसलं नाही!

मसुदा पंधरा ऑक्टोबरला बंद होतो. मी अकरावं काढते. तो माणूस गेला खड्ड्यात. तू परत येणं जास्त महत्त्वाचं. एवढंच लिही की तुला चालेल. मावशीनं पुसलेले बूट दाराशीच राहू देत.

भिंगरी

६ ऑक्टोबर

भिंगरे,

सोबत पार्सल आहे. आधी ते उघड.

हो, तेच. हरवलं नव्हतं. आईच्या गादीखाली होतं, आणि तिलाही माहीत नव्हतं.

आता मी तुला आणि सगळ्यांना जे सांगितलं नाही ते वाच. त्या लॉगबुकात चारशे बारा ऑपरेशनं आहेत, आणि चारशे बारा ठिकाणी "सर हजर" हे अक्षर माझं आहे. मीच लिहायचो. आदल्या संध्याकाळी ओटीची यादी लागायची, ती बघून दुसऱ्या दिवसाच्या नोंदी लिहून मोकळा व्हायचो. सगळेच असं करायचे. ऑपरेशन व्हायच्या आधीच सर हजर होऊन गेलेले असायचे.

पान एकशे सत्याण्णव काढ. पित्ताशय, पेशंट ट्रकड्रायव्हर, वय चाळीस. "सर हजर." त्या दिवशी ते एका इमारतीची फीत कापत होते. मी तीनदा फोन केला, बंद होता. मला नळी नीट दिसत नव्हती. तेव्हाच थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण एकट्यानं आधी एवढी केली होती की थांबायची सवयच नव्हती. नळी माझ्या हातानं कापली गेली. हे मी कधीही सरांच्या माथी मारणार नाही, तूही मारू नकोस.

दोन दिवसांनी शनिवार आला आणि त्यांनी त्या नोंदीवर सही केली. "मी हजर होतो" अशी. आठवड्यानं ड्रायव्हर पिवळा पडला, चौकशी बसली, आणि तेच सर म्हणाले, "मी हजर नव्हतो, परवानगीही दिली नव्हती." ते पान तिथे टाकलं असतं तर ते खोटे ठरले असते. पण मीही ठरलो असतो. माझी छाती झाली नाही. हरवलं म्हणालो आणि घरी आलो. म्हणजे सरांना सहा वर्षं वाचवलं कोणी? मी.

तुझं पत्र आल्यावर रविवारी ड्रायव्हरकडे गेलो. त्याची आणखी दोन ऑपरेशनं झाली. आता ट्रक चालवत नाही, गोदामाच्या दाराशी बसतो. त्याला पान दाखवलं. त्यानं विचारलं, "म्हणजे तुमचे मोठे डॉक्टर तेव्हा नव्हतेच?"

"नव्हते."

"आणि हे तुम्ही मला सहा वर्षांनी सांगताय?"

मी लॉगबुक मिटलं. तो म्हणाला, "आता मला नका सांगू. जिथे सांगायचं तिथे सांगा."

नीट बघ, काही नोंदींपुढे पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत. सर खरोखर टेबलापाशी उभे होते ते दिवस. अडतीस. पहिलं अपेंडिक्स त्यांतलं आहे. माझं मनगट धरून म्हणाले होते, "घाई कुणाला आहे? पोटाला नाही, मला नाही." त्या अडतीस दिवसांत जे शिकलो त्यावर आजही बोटं शिवतो. म्हणून तर राग जात नाही, भिंगरे. त्यांना शिकवता येत नव्हतं असं असतं, तर मी कधीच विसरलो असतो. त्यांना येत होतं, आणि ते फीत कापायला गेले.

तुला सूड सोड म्हणालो ते खोटं होतं. मला तो तुझ्यापेक्षा जास्त हवाय. फक्त तुझ्यासारखा फुकटात नको.

अकरावं काढायचं नाही. आत्ता शिकणाऱ्या पोरांना सहा महिने दे: आपापल्या लॉगबुकात स्वतःहून खरं लिहा, कमी पडेल ते दुसऱ्या युनिटमध्ये पूर्ण करा, शिक्षा नाही. मला ती सवलत बसत नाही आणि नकोही. माझे एकतीस महिने जाळ. सभेत पहिलं लॉगबुक माझं वाच, मोठ्यानं. पान एकशे सत्याण्णवपासून.

आणि त्यांच्या हातून पाच महिने घेण्यापेक्षा मी जन्मभर बोटं शिवीन.

आईला मी सांगितलंय. तिनं बूट उचलले नाहीत. उलट पॉलिश केलं. त्याचा अर्थ मला कळला नाही, विचारायची हिंमतही झाली नाही.

दादा

२५ नोव्हेंबर

दादा,

मी काल काय पाहिलं! हळूहळू सांगते, नाहीतर सगळं एकदम बाहेर येईल.

हॉलमध्ये तीनशेच्या वर सर्जन होते. पडद्यावर डावीकडे बातमीपत्रातले फोटो, उजवीकडे लॉगबुकांची पानं. पहिल्या दोन फितींना लोक हसले. दहाव्या फितीपर्यंत हॉल शांत झाला. मग मी तुझं एकशे सत्याण्णव वाचलं. शेवटी म्हटलं, "हे लॉगबुक माझ्या भावाचं आहे. या कलमानं त्याचे एकतीस महिने बाद होतात. त्याला ते माहीत आहे. पार्सल त्यानंच पाठवलं."

सर उठले. चेहरा तसाच गोड. म्हणाले, "मला वाईट वाटतं. पण ही सही माझी नाही. जवळून बघा. नोंद ज्या शाईची, सहीही त्याच शाईची. मे महिन्यात तर दोन्ही हिरव्या! पोरानं स्वतःच लिहिलं, स्वतःच सही केली. आणि या मुलीनं भावासाठी सगळ्या संघटनेला वेठीला धरलं."

दादा, हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मला ऐकू येत होतं: "शाई तर एकच आहे." शाई एकच का, ते तू वाचून ओळखलं असशील, पण तिथे ते सांगून उपयोग नव्हता. पेनांचं मी कुणाला सांगणार, आणि माझं ऐकणार कोण?

अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमचा आक्षेप नोंदवून घेऊ. कागदावर दोन ओळी लिहा आणि सही करा." कागद त्यांच्यापुढे सरकवला.

सरांनी खिसा चाचपला. मग माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. "पेन दे गं."

मी दिलं नाही. नुसती उभी राहिले. त्यांचा हात तसाच पुढे.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. तिथल्याच एक बाई उठल्या, पन्नाशीच्या, मोठ्या युनिटच्या प्रमुख. म्हणाल्या, "सर, मी बावीस वर्षांपूर्वी तुमच्याकडे होते. माझ्या लॉगबुकातली सहीही माझ्याच शाईची आहे. माझी पस्तीस पेनं तुमच्याकडे आहेत." त्यांच्या शेजारचा उठला. "माझी छत्तीस." मग एक खोकला ऐकू आला. ते म्हातारे सर्जन! "मी त्यांच्याबरोबर शिकलो. माझीही नेली आहेत." हॉल एवढा हसला की माईक शिट्ट्या मारायला लागला. आणि हसता हसता लोक एकेक करून उभे राहत होते. मी सतरापर्यंत मोजले. शेवटी हसायचं थांबलं तरी ते उभेच होते.

सरांनी हात मागे घेतला. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा मला म्हातारा दिसला. दया येईल असं वाटलं होतं. नाही आली.

कलम अकरा मंजूर, विरोधात नऊ मतं. तुझी सहा महिन्यांची सवलत आणि कलम बाराही मंजूर. सरांची मान्यता गेली. कोर्स त्यांना करावाच लागणार. मान्यता नाही तर युनिटला रेसिडेंट नाहीत, आणि रेसिडेंट नाहीत तर त्यांच्या केसेस करणार कोण?

पण तुझे एकतीस महिनेही गेले, दादा. मंजुरीच्या कागदावर सहसचिव म्हणून सही माझीच आहे. माझ्या स्वतःच्या पेनानं केली. घरी येऊन रडले. आईनं पाणी दिलं आणि पहिल्यांदाच इंग्रजी शाळेबद्दल काही बोलली नाही.

भिंगरी

९ जानेवारी

भिंगरे,

रडू नकोस. वय छत्तीस, वर्ष पहिलं. मागच्या रांगेतल्या तुझ्या त्या बाईंनी मला कलम बाराखाली त्यांच्या युनिटमध्ये घेतलं. आईला बुटांचं आता विचारलं. म्हणाली, "पाच महिन्यांसाठी नव्हते पुसले रे. तू दाराबाहेर पडावंस म्हणून पुसले होते." बरोबरची पोरं मला "काका" म्हणतात. काल बाई माझ्या शेजारी अख्खा तास उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत, पण होत्या. मी नोंद संध्याकाळी लिहिली, ऑपरेशन झाल्यावर. ठिपका द्यायला हात गेला आणि लक्षात आलं, आता त्याची गरज नाही.

शिक्षकांचा कोर्स पुढच्या शनिवारपासून आमच्याच हॉस्पिटलात आहे. बारा शनिवार. तुझ्या आराखड्याप्रमाणे शिक्षक आणि पहिल्या वर्षाचे रेसिडेंट एकाच वर्गात बसतात, जोडीनं गाठी मारतात, आणि दोघांच्या हजेरीवर दर वेळी दोघांनी आपापली सही करायची. हे जोडीचं तू मुद्दाम लिहिलंस की सहज सुचलं, ते मी विचारत नाही.

जोड्यांची यादी लागली होती. मी ऑफिसात जाऊन माझी बदलून घेतली. कारकून म्हणाला, "काका, त्यांच्याबरोबर कोणी बसायला तयार नाही, तुम्ही स्वतःहून मागताय?" मी म्हटलं, "जुनी ओळख आहे."

सोळाव्या खुर्चीवर ते, सतराव्या खुर्चीवर मी. बारा शनिवार, कोपराला कोपर लागेल एवढ्या जवळ.

खिशात एकच पेन नेणार आहे.

दादा